कामाची इंग्रजी : भिवापुरातला एक दिवस

पहाटे 5:45

मुलांनी रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेली रेकॉर्डिंग चहा ठेवता ठेवता ऐकायला घेते. प्रत्येकाचं एकेक मिनिट. विषय दिलेला असतो : घरी किंवा गावात तुम्ही स्वतः करता ते एखादं काम इंग्रजीत सांगा. ऐकणाऱ्यानं ते काम कधी पाहिलेलं नाही, असं धरून चला.

एक मुलगी मिरचीच्या सातऱ्यावरचं, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवरचं, काम सांगते. शेतातून आलेला माल कसा पसरतात, देठ कसे खुडतात, फटकी मिरची वेगळी कशी काढतात, संध्याकाळी वजन कसं होतं. काळ चुकले आहेत, क्रियापदं अर्धवट आहेत, मधे मधे 'म्हणजे' येतं. पण सातरा कधी न पाहिलेल्या माणसाला दिवसभर तिथे काय चालतं ते कळेल. वहीत तिच्या नावापुढे मी लिहिते : काम पोचलं.

पुढचा मुलगा भारत हा कृषिप्रधान देश आहे इथून सुरुवात करतो. वाक्यं निर्दोष आहेत, कारण ती निबंधाच्या पुस्तकातली आहेत. तो स्वतः शेतात काय करतो ते मिनिट संपलं तरी समजत नाही. त्याला निरोप पाठवते : काल संध्याकाळी बाबांबरोबर काय केलंस तेवढंच सांग, पाच वाक्यांत.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. कविता आणि कथा अभ्यासक्रमात आहेत, त्या मी मनापासून शिकवते. पण मला जास्त झोंबतो तो दुसरा भाग : पदवी घेऊन बाहेर पडल्यावर बँकेच्या काउंटरवर, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या कार्यालयात किंवा कऱ्हांडल्याच्या सफारी गेटवर जी इंग्रजी लागते, ती. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी 1987 साली कामापुरत्या इंग्रजीवर एक पुस्तक लिहिलं. शिकणाऱ्याला ही भाषा नेमकी कशासाठी हवी आहे, या प्रश्नापासून त्यांनी सगळी मांडणी केली. भिवापुरात या प्रश्नाचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही.

सकाळी 7:00

उमरेडहून एसटी. 2019 पर्यंत या बाजूला इतवारी ते नागभीड अशी नॅरोगेज गाडी होती. रुंदीकरणासाठी ती बंद झाली आणि कॉलेजची पोरं पूर्णपणे एसटीवर आली. बस चुकली की पहिला तास गेला. बसमधे मुली सोबत असतात, त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलत नाही. चारचौघांत कुणाची परीक्षा घेतल्यासारखं होतं, आणि त्या मग दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने चढतात.

8:30, पहिला तास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत आलं. त्यात भाषेसाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, म्हणजे सत्रात तीस तास. वर्गात ऐंशी मुलं धरली आणि मी तीस तास एक शब्दही बोलले नाही, तरी एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला बावीस मिनिटं येतात. आणि शिक्षक न बोलता कसा राहील? बहुतेक वर्गांत तोच बोलतो, तेही इंग्रजी उताऱ्याचा मराठीत अर्थ सांगत, आणि मुलं तो अर्थ उतरवून घेतात.

महाराष्ट्रात मराठी शाळांमधे पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती जून 2000 मधे. त्याआधी ती पाचवीपासून असायची. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलानं बारा वर्षं इंग्रजी हा विषय घेतलेला आहे. त्यातल्या पुष्कळांनी या बारा वर्षांत एका माणसाला एकही गोष्ट इंग्रजीत विचारलेली नाही. विचारायची गरजच पडली नाही. प्रश्नांची उत्तरं गाईडमधे होती, पत्र पाठ होतं, पत्रातला पत्तासुद्धा पाठ होता. पहिल्याच आठवड्यात एका मुलानं मला सांगितलं, "मॅडम, समजते सप्पा, पन तोंडातून निंघत नाही." तो खरं बोलत होता. समजण्याचा सराव त्याला मिळाला होता, तोंडातून काढण्याचा मिळाला नव्हता. मुलं कमी पडतात असं म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

म्हणून माझ्या वर्गात पहिली दहा मिनिटं सोडली तर मी फळ्यापाशी नसते. आज प्रत्येक चौघांना एक कागद दिला. त्यावर भिवापूर, उमरेड आणि नागपूरच्या बसच्या वेळा आहेत. मुलाखत सकाळी साडेदहाला, बुटीबोरीला. कागदपत्रांच्या झेरॉक्स वाटेत काढायच्या आहेत. एकाच्या घरून सहाच्या आत निघता येत नाही. कोणती बस पकडायची ते ठरवा, आणि उशीर होणार असेल तर तिकडे काय कळवायचं ते इंग्रजीत लिहा.

ही कल्पना माझी नाही. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमधे असंच केलं. बंगळूर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे दिले, रेल्वेची वेळापत्रकं दिली, हिशेब दिले आणि त्यातून उत्तर काढायला लावलं. मुलाचं लक्ष अर्थ लावण्यात गुंतलं की भाषेची घडण त्याच्यात आपोआप उतरते, असा त्यांचा विश्वास होता. आज परदेशातून येणाऱ्या पुस्तकांत ही पद्धत अगदी नवी म्हणून मिरवते. तिचं एक महत्त्वाचं मूळ आपल्याकडच्या तुटक्या बाकांच्या वर्गांत आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते. प्रभूंना गटात बसवणं मात्र पसंत नव्हतं. मुलं एकमेकांची चुकीची इंग्रजी उचलतील, अशी त्यांची भीती होती. इथे मी त्यांचं ऐकत नाही. चुकीच्या इंग्रजीची भीती बाळगण्याइतकी इंग्रजी आधी वर्गात ऐकू तर येऊ दे.

गटात मराठी चालते. बस ठरवताना ती भांडतात मराठीत, लिहितात इंग्रजीत. काही शिक्षकांना हे खपत नाही, वर्गात फक्त इंग्रजी असा त्यांचा नियम असतो. तो नियम मी दुसऱ्यांच्या वर्गात पाहिला आहे, तिथे फक्त शांतता असते.

9:30, फोन

दुसऱ्या तासाला मुलं एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकानं फोन लावायचा, दुसऱ्यानं घ्यायचा. चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत. समोरच्याचं नाव, नंबर, रक्कम आणि वेळ लिहून घ्यायची, एवढंच काम. नोकरीच्या पहिल्या महिन्यात नवख्या माणसाची सगळ्यात मोठी फजिती इथे होते, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं आहे.

आकडे हा इथला खरा डोंगर. मराठीत पंच्याऐंशी म्हणताना पाच आधी येतात, ऐंशी नंतर. मूल ऐकतं, मनात मराठी करतं, आणि कागदावर अठ्ठावन्न उतरतात. आपण मोबाईल नंबर दोन दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतो, त्यामुळे एका नंबरात ही चूक पाचदा होऊ शकते. उपाय साधा आहे : नंबर एकेक आकडा सुटा सांगायचा, आणि ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक फोनवर जवळपास पुसला जातो. त्यासाठी 'वन फाईव्ह की फाईव्ह झीरो' असं विचारायची सवय लावते. व्यापाऱ्यानं किलोचा भाव विचारला आणि तिथे गफलत झाली, तर नुकसान रुपयांत होतं.

उच्चारांबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. आमच्या भागातल्या झाडीबोलीत श नाही, ण नाही, ळ नाही. या बोलीत वाढलेल्या मुलाच्या इंग्रजीतही श च्या जागी स येतो. ते मी दुरुस्त करते, पण अर्थ बदलत असेल तिथेच. शहरी किंवा विलायती वळण त्यांच्या जिभेला लावायच्या फंदात मी पडत नाही. तमिळ माणूस तमिळ वळणाची इंग्रजी बोलून जगभर काम करतो. भिवापूरच्या मुलानं भिवापूरच्या वळणाची बोलावी, फक्त सावकाश, आणि वाक्य पूर्ण करून.

10:45

स्टाफरूम. मराठीच्या प्राध्यापकांशी माझा एक जुना वाद आहे, आणि त्यात हळूहळू मी त्यांच्या बाजूला सरकले आहे. ते म्हणतात, ज्या मुलाला ग्रामसेवकाला मराठीत नीट अर्ज लिहिता येत नाही, तो इंग्रजीत ईमेल काय लिहिणार? इंग्रजी वेगळ्या स्नायूंनी शिकायची असते, असं मला पूर्वी वाटायचं. आता मी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून बघते. कोणाला, कशाबद्दल, काय हवं, कधीपर्यंत, सोबत काय जोडलं : हे ज्याला मराठीत एका पानात सांगता येतं, त्याची इंग्रजी दोन सत्रांत सुधारते. ज्याचा मराठी अर्ज "वरील विषयास अनुसरून" इथून निघून कुठेच पोचत नाही, त्याचा इंग्रजी अर्जही तिथेच अडकतो. म्हणून यंदा आम्ही दोघांनी मिळून काही तास घेतले. आधी मराठी अर्ज त्यांच्या तासाला, दुसऱ्या दिवशी तोच मजकूर इंग्रजीत माझ्या तासाला.

11:30, शेवटच्या वर्षाचा वर्ग

या तासाची मी वाट बघत असते.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 साली जाहीर झालं. क्षेत्र 189 चौरस किलोमीटर. नागझिऱ्याहून आलेल्या 'जय' वाघामुळे ते देशभर गाजलं. 2016 मधे जय दिसेनासा झाला, त्याचीही बातमी सगळीकडे झाली. जय गाजला तेव्हापासून मुंबईचे, बंगळूरचे, अधूनमधून परदेशातले पर्यटक इथे येतात, आणि जिप्सीत त्यांच्यासोबत आजूबाजूच्या गावांतली पोरं गाईड म्हणून बसतात. आमच्या वर्गातल्या मुलांना झाडं कळतात, पाऊलखुणा कळतात, कोणत्या नाल्यावर कोणता प्राणी येतो तेही ठाऊक असतं. ज्ञान भरलेलं आहे, ते दुसऱ्या भाषेत उतरवायचं आहे.

31 डिसेंबर 2024 ला अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. त्याची चित्रफीत पसरली, गाड्यांचे चालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात वर्गात दुसरा विषयच नव्हता. तेव्हापासून हा प्रसंग मी दर वर्षी करून घेते. एक जण गाईड, तिघं पर्यटक. पर्यटकांना गाडी अजून पुढे हवी आहे, ते पैशांची भाषा करतात, आवाज चढवतात. गाईडनं नाही म्हणायचं आहे, आणि पाहुण्यानं रागावून उतरायचंही नाही.

नाही म्हणणं हे दुसऱ्या भाषेत सगळ्यात अवघड. भाषा कच्ची असली की माणसापुढे दोनच वाटा उरतात, गप्प बसायचं किंवा तोडून टाकायचं. मुलं एक तर मान डोलावतात, नाहीतर 'नो सर' म्हणून थांबतात. मग आम्ही पायऱ्या लावतो. आधी समोरच्याची इच्छा मान्य करायची : तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुम्हाला जवळून बघायचंय हे मला समजतं. मग नियम, आणि तो का आहे ते एका वाक्यात : पिल्लं सोबत असताना तिची वाट अडली तर ती बिथरते. मग आपण काय करू शकतो : इथेच इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबू, ती स्वतः रस्ता ओलांडेल. शेवटी, पाहुणे ऐकतच नसतील तर, तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा. आवाज न चढवता पुन्हा म्हणणं, यालाच सराव लागतो.

आणि इथे या मुलांची एक ताकद मला मिळते, जी शहरातल्या कॉलेजला सहज मिळणार नाही. हा झाडीपट्टीचा काठ आहे. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात घरोघरी आनंद झाला. मुलांनी लहानपणापासून चादरी टाकून ही नाटकं बघितलीत, काहींनी गावच्या मंडळात कामं केलीत. प्रश्नाला उत्तर दे म्हटलं की जो मुलगा खाली मान घालतो, त्याला 'तू चिडलेला पर्यटक आहेस' म्हटलं की तो बाकावर हात आपटून उभा राहतो. इंग्रजी मोडकी असते, आवाज मोडका नसतो. मग मी तोच प्रवेश पुन्हा घेते, दोन वाक्यं दुरुस्त करून. पुन्हा घेते. नाटकाच्या तालमीत तेच वाक्य दहादा म्हणायला त्यांना कधी लाज वाटलेली नाही, त्यामुळे इथेही वाटत नाही.

आज पर्यटक झालेल्या मुलीनं गाईडला विचारलं, "व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?" वर्ग हसला. गाईड झालेला मुलगा थांबला, श्वास घेतला, आणि म्हणाला की अडचण माझी नाही मॅडम, अडचण तिच्या पिल्लांची आहे. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

1:15

डबा. कुणीतरी घरची भिवापुरी मिरची घातलेली भाजी आणली आहे. बोलणं बंद.

2:00, संगणक कक्ष

मशीन थोडी, मुलं जास्त, म्हणून निम्मं काम मोबाईलवरच. पहिला ईमेल लिहायचा आहे. व्हॉट्सॲपवर रोज शंभर निरोप लिहिणाऱ्या मुलानं ईमेल एकदाही लिहिलेला नसतो. विषयाची ओळ रिकामी राहते, अर्ज जोडायचा राहतो, पत्त्यात टोपणनाव असतं. हे पटकन सुधारतं. एक तास पुरतो.

बायोडाट्याला वेळ लागतो, आणि तिथे मी घाई करत नाही. नेटवरून उतरवलेला नमुना सगळ्यांकडे सारखा असतो. मोठ्या संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्याची इच्छा, छंद म्हणून वाचन, आणि कामाचा अनुभव : निरंक. सकाळी जिचा आवाज ऐकला त्या मुलीच्या कागदावरही निरंक. मी तिच्या शेजारी बसले. सातऱ्यावर काय काय करतेस? देठ खुडते. आणखी? गेल्या वर्षी मालकानं वही दिली होती. कसली वही? बायांच्या हजेरीची आणि वजनाची. किती बाया? चाळीसेक. रोजचं वजन, रोजची मजुरी, आठवड्याचा हिशेब. कधी चुकला? "नाही मॅडम. चुकला असता त बायाइनं सोडलं असतं का?"

चाळीस माणसांची हजेरी आणि मजुरी हंगामभर बिनचूक ठेवणारी मुलगी 'अनुभव निरंक' लिहिते, कारण मजुरीचं काम कागदावर आणायचं नसतं असं तिला कुणीतरी शिकवलं आहे. भाषेआधी मला हे काढावं लागतं. मग आम्ही तीन ओळी लिहिल्या : काय काम, किती माणसं, कोणती जबाबदारी. सोपी इंग्रजी, एकही फुगवलेला शब्द नाही. तिनं ते मोठ्यानं वाचलं. नंतर मुलाखतकार होऊन मी त्यातलंच विचारलं : दोन बायांनी एकाच पोत्यावर हक्क सांगितला तर काय करायचीस? या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे, ते पाठ करायची गरज नाही. ती सुरुवातीला 'मायसेल्फ' म्हणाली, मी अडवलं नाही. बोलणाऱ्याला मधे तोडलं की तो पुढचं वाक्य विसरतो. चुका मी नंतर सांगते, एका वेळी दोनच.

3:30

एक जुना विद्यार्थी भेटायला आला. नागपुरात एका कार्यालयात ग्राहकांचे फोन घेतो. त्याला शेवटच्या वर्गापुढे उभं केलं आणि मी मागे जाऊन बसले. पहिल्या महिन्यात काय अवघड गेलं, असं मुलांनी विचारलं. तो म्हणाला, व्याकरण नाही, लोकांचा वेग. आणि "प्लीज रिपीट" म्हणायची लाज. ती लाज दुसऱ्या महिन्यात गेली, कारण साहेब लोकसुद्धा तेच म्हणतात हे कळलं. माझ्या दहा तासांचं काम त्यानं वीस मिनिटांत केलं. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच बोलीचा माणूस समोर उभा राहून सांगतो, तेव्हा मुलं ते खरं मानतात.

5:00, परतीची बस

तासांच्या नोंदी. कोण बोललं, कोण अजून बोललेलं नाही. दुसरी यादी महत्त्वाची.

रात्री 8:30

उत्तरपत्रिका. "बँकेच्या व्यवस्थापकास पत्र लिहा" या प्रश्नाला एका गठ्ठ्यात निम्मी पत्रं शब्दशः सारखी, गाईडमधून आलेली. त्यांना गुण द्यावे लागतात, कारण त्यात चूक काहीच नाही. सकाळी फोनवर अचूक निरोप घेणाऱ्या मुलाला त्याबद्दल या गठ्ठ्यात एकही गुण नाही, कारण लेखी परीक्षेला कान नाहीत. अंतर्गत गुणांतून मी थोडी भरपाई करते. पण जोपर्यंत तोंडी कामाला विद्यापीठाच्या परीक्षेत स्वतःची जागा मिळत नाही, तोपर्यंत बहुतेक वर्गांत गाईडच शिकवलं जाईल, आणि त्यासाठी शिक्षकांना दोष देणं बरोबर होणार नाही. 1923 पासूनच्या आपल्या नागपूर विद्यापीठानं भाषेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात दहा मिनिटांची तोंडी परीक्षा सक्तीची करावी, ही माझी मागणी आहे. खर्च फारसा नाही, परीक्षकांचा वेळ लागेल.

आणि एक मागणी वाचकांकडे. तुम्ही नागपुरात, पुण्यात, मुंबईत किंवा देशाबाहेर नोकरी करत असाल आणि लहान गावातल्या एखाद्या कॉलेजात शिकला असाल, तर त्या कॉलेजच्या भाषा विभागाला फोन करा. महिन्यातून एकदा वीस मिनिटं मुलांशी फोनवर इंग्रजीत बोला. ग्राहक व्हा, चिडलेला पर्यटक व्हा, मुलाखतकार व्हा. भाषण नको, मार्गदर्शन नको. त्यांना प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.